बायांचा उतार

शरदचंद्र गुप्त्यांना जॅक घ्यायला उल्हासनगरला जावं लागलं ते त्यांच्या बायकोच्या हट्टामुळे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात ते अधिकारी होते. मुलगा कराडला इंजिनियरिंगच्या हॉस्टेलवर गेल्यापासून घरात दोघंच, ते आणि कुमुदिनी. नव्वदीची सुरुवात होती. बदलापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी जमिनीचे तुकडे घ्यायची तेव्हा अंबरनाथकरांत लाटच आली होती. ऑफिसातल्या प्रत्येकाला शेतघर हवं होतं, आंब्याची चार कलमं हवी होती. शरदचंद्रांनीही एक तुकडा घेतला. जागा दृष्ट लागावी अशी, पण तिथवर रस्ता नाही. बैलगाडीची चाकोरी, दगडधोंडे आणि मध्ये एक वहाळ, पावसाळी ओढा. म्हणून त्यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली आणि ती उंच करून घेतली. कमानपाट्यांमध्ये जादा पाटे घातले, चाकं मोठी बसवली. जीप अशी काही उभी राहिली की कुमुदिनीला चढण्यासाठी मागे फळकीला साखळीची पायरी लावावी लागली.

"हा उंट आहे उंट," ती म्हणायची. पण मनातून तिलाही तो उंट आवडायचा.

एकदा अंगणातच मागचं चाक बसलं. जीपबरोबर आलेला जॅक लावला तर तो जुन्या उंचीचा, वर पोचेचना. शरदचंद्रांनी त्याच्याखाली विटा रचल्या. जीप उचलली गेली, चाक सुटलं आणि खालची वीट फुटली. धाडकन गाडी खाली आली. हात क्षणभर आधी बाहेर काढला होता म्हणून बोटं वाचली. कुमुदिनी दारात उभी राहून हे पाहत होती.

"नवा जॅक आणल्याशिवाय मी या उंटावर पाऊल ठेवणार नाही," तिनं सांगून टाकलं.

तेव्हा ती दोघं कॅम्प एकमधल्या जेठानंदच्या दुकानात गेली. अरुंद बोळात, कपड्यांच्या दोन दुकानांमध्ये दाबून बसवलेलं हे स्पेअर पार्टचं दुकान. आत ग्रीसचा वास. भिंतीला टांगलेले पंख्याचे पट्टे, खाली रांगेनं उभे केलेले जॅक. जेठानंद गल्ल्यावर पापड खात बसला होता.

"जॅक पाहिजे," शरदचंद्र म्हणाले. "सगळ्यात उंच असेल तो द्या. गाडी उंच केलेली आहे."

"साईं, गाडी उंच है तो जॅक उंच, असं नसतं," जेठानंद म्हणाला. "आधी सांगा, लावणार कुठे? चासीच्या सांगाड्याखाली की चाकांच्या ॲक्सलखाली?"

"चासीखाली."

"मग झालं! तुम्ही चासी उचलत बसणार, पाटे लोंबत राहणार और चाक जमीनपरच. किती पण उंच जॅक घ्या. ॲक्सलखाली लावा. टायर बसला की ॲक्सल खाली येतो, तेव्हा जॅक त्याच्या पोटात शिरला पाहिजे. म्हणजे पहिला बघायचा तो आखूडपणा. मग बघायचं किती वर जातो. तुमचं चाक मोठं, म्हणून हा घ्या. याच्या डोक्यात जादा स्क्रू आहे, फिरवला की आणखी वर येतो." त्यानं बाटलीच्या आकाराचा एक जाडजूड लाल जॅक पुढे ओढला. "तीन टनी. तुमची जीप त्याच्या निम्मी पण नाही. आरामात उचलेल."

शरदचंद्रांनी खिशातून टेप काढून मापं घेतली. घरून ॲक्सलची उंची मोजूनच आले होते. माप बरोबर बसलं.

"खाली फळी ठेवा. रेतीत जॅक रुततो," जेठानंद जॅक वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणाला. "आणि एक बात, भाभीजी, तुम्ही पण ऐका. पहिले सवारी उतारो, मग हँडल मारा. रिकाम्या गाडीचं वजन मी सांगू शकतो. बसलेल्याचं नाही सांगू शकत."

रविवारी सकाळी निघायचं ठरलं होतं, पण शेजारचे कोणीतरी येऊन बसले आणि निघेपर्यंत ऊन चढलं. चैत्रातलं ऊन. बदलापूर मागे पडलं, डांबर संपलं, आणि जीप रानात शिरली. दोन्हीकडे निष्पर्ण साग उभे होते. खाली त्यांची भाकरीएवढाली वाळलेली पानं पडली होती, चाकाखाली ती पापडासारखी मोडत होती. रातकिड्यांनी भर दिवसा एकच कर्कश सूर धरला होता. कुमुदिनी मागच्या बाजूच्या पिशव्यांना हात लावून त्या सांडत नाहीत ना हे बघत होती. डब्यात दशम्या होत्या, कैरीचा तक्कू होता.

वहाळ कोरडा होता. जीप उतरणीवरून त्यात उतरली, वाळूतून पुढे गेली आणि बरोबर मधोमध फट्ट असा आवाज झाला. मागचं डावं चाक.

"झालं," शरदचंद्र म्हणाले. पण त्यांना मनातून थोडा आनंदच झाला होता. नवा जॅक वापरायला मिळणार होता.

इंजिन बंद केलं, आणि त्यांना पहिल्यांदा जाणवलं की रातकिडे गप्प झाले आहेत.

दोघं उतरली. कुमुदिनी काठावरच्या करंजाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. सबंध वहाळात तेवढीच एक सावली. शरदचंद्रांनी पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक काढला, फळी काढली, चाकाचे नट सैल केले. टायर बसल्यामुळे रिम वाळूत टेकली होती. ॲक्सलखालची वाळू हातानं उकरून फळी सपाट बसवायला हवी होती. एरवी जीपखाली शिरायचं म्हणजे अंग चोरावं लागतं. पण ही उंच केलेली. ते आरामात पाठीवर आडवे झाले आणि खांद्यापर्यंत आत सरकले.

आत बरं वाटलं. सावली होती. सायलेन्सरचा तापलेला नळ छातीच्या वर चांगला हातभर उंच होता. त्यांनी वाळू उकरली, फळी बसवली, तीवर जॅक उभा केला. डोक्याचा स्क्रू फिरवून ॲक्सलला टेकवला. मापात बसला. जेठानंदला मनात दाद दिली.

तेवढ्यात मागच्या फळकीची साखळी वाजली. पायरीवर कोणीतरी पाय दिला. जीप किंचित दबली, कमानपाटे कुरकुरले.

"कुमुद, आत्ता चढू नकोस!" ते ओरडले. "मी खाली आहे."

"मी कुठे चढतेय?"

आवाज लांबून आला होता. शरदचंद्रांनी मान वळवली. जीपच्या खालून, वाळूच्या अरुंद पट्टीपलीकडे, करंजाच्या बुंध्याशी तिच्या निळ्या पातळाचा काठ दिसत होता. तिच्या चपला दिसत होत्या.

पुन्हा साखळी वाजली. पुन्हा जीप दबली.

"अहो," कुमुदिनी म्हणाली, "गाडी हलतेय का?"

 शरदचंद्र वर पाहत होते. ज्या पाट्यांवर त्यांनी हौसेनं जादा पाटे घालून घेतले होते, धनुष्यासारखे ताणलेले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत सरळ होत होते. साखळी वाजायची, वर फळ्यांवर कोणीतरी सरकून बसल्यासारखा घासटल्याचा आवाज व्हायचा, मग पाटे कण्हायचे आणि नळ बोटभर खाली यायचा. घाई नव्हती कुठली. दिवसभर उन्हात काम करून दमलेल्या बायका एकमेकींना जागा देत बसतात, तसं ते चाललं होतं. आणि वास आला. घामाचा, मिसरीचा, आणि नुकत्या फोडलेल्या दगडाच्या भुकटीचा.

बाहेर पडायला हवं, हे त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी टाचा रोवून अंग ओढलं. पण चाकं वाळूत रुतत होती आणि सबंध जीपच खाली येत होती. गरम नळ सदऱ्याला टेकला. मग छातीला टेकला. सदरा करपल्याचा वास आला.

"कुमुद... जॅक... हँडल मार..."

ती धावत आली. ते आता फक्त तिचे पाय पाहू शकत होते. तिनं हँडल शोधून जॅकमध्ये घातलं, सगळा भार टाकून दाबलं. हँडल हललं नाही. पुन्हा दाबलं. जॅकच्या गळ्याशी तेलाचा एक थेंब आला, मोठा झाला आणि ओघळला. जीपच्या दुपटीहून जास्त वजन उचलणारा जॅक फळीत रुतत चालला होता.

"उचलत नाही हो! का उचलत नाही? रिकामी तर आहे..."

"रिकामी नाही," शरदचंद्र म्हणाले. श्वास आत घेता येत नव्हता, नुसता बाहेर जात होता. "बसलीत... वर..."

कुमुदिनीचे पाय क्षणभर स्थिर झाले. ती वर पाहत असावी. तिला काय दिसलं, हे तिनं पुढे कधी सांगितलं नाही. मग ते पाय हळूहळू मागच्या फळकीकडे गेले आणि तिचा आवाज आला. तो थरथरत होता. पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांशी बोलावं तसं ती बोलली.

"बायांनो... उतरा गं जरा. गाडी उचलायची आहे. माझा माणूस खाली अडकलाय."

काही झालं नाही. वाळूवरून नुसती एक गरम झुळूक गेली.

"उतरा गं," ती रडवेली होऊन म्हणाली. "उन्हाच्या दमलात, मला कळतं. पण आधी उतरायला हवं. उतरा, माझ्या बायांनो."

साखळी वाजली.

नळ केसभर वर गेला. शरदचंद्रांनी मान वाकडी करून पाहिलं. फळकीच्या मागची वाळू एका जागी दबली, मग तिच्या पुढे दबली. पाय नव्हते, वाळू मात्र पावलागणिक बसत काठाकडे जात होती. पुन्हा साखळी. पुन्हा वाळू. एकामागून एक. पाटे सुटत होते, वाकत होते, आपली कमान परत घेत होते. छातीवरचा नळ उचलला गेला आणि त्यांनी कितीतरी वेळानं एक पूर्ण श्वास घेतला. पण सुटका अजून होत नव्हती. सदरा नळात अडकून होता आणि डाव्या कोपऱ्यातला पाटा थोडासा, अगदी थोडासा, दबलेलाच होता.

साखळी आता वाजत नव्हती.

"आणि तू गं?" कुमुदिनी कोणाला तरी म्हणाली. अगदी हलक्या आवाजात. "तुला उतरता येत नाही का? ये."

शरदचंद्रांना तिच्या टाचा दिसत होत्या. त्या उंचावल्या, हात वर केल्यावर उंचावतात तशा. मग परत टेकल्या आणि वाळूत खोल गेल्या. शेवटचा पाटा सुटला. सदरा फाटला. शरदचंद्र बाहेर सरपटले आणि कितीतरी वेळ नुसते उताणे पडून राहिले.

वरून रातकिड्यांचा आवाज परत सुरू झाला.

त्यानंतर जॅक लोण्यासारखा चालला. चार हात मारले आणि चाक उचललं. स्टेपनी लावताना शरदचंद्रांच्या हातून नट वाळूत पडत होते आणि ते पुन्हापुन्हा पुसून घ्यावे लागत होते. कुमुदिनी मदतीला आली नाही. ती करंजाखाली उभी होती, एका कमरेवर कलून, आणि कुठेतरी लांब पाहत होती.

"चल," ते म्हणाले.

ती पुढच्या सीटवर चढली, पण एका हातानंच. दुसरा हात तिनं अंगाशी धरला होता.

परत जायचं तर पुन्हा तोच वहाळ. म्हणून ते पुढेच गेले, वाडीवर गोमाच्या घरी. गोमा त्यांच्या जमिनीवर लक्ष ठेवायचा. वाडीतून मागच्या बाजूनं, लांबच्या वाटेनं बदलापूरला जाता येतं का, हे त्याला विचारायचं होतं. गोमा अंगणात दावं वळत बसला होता. फाटका सदरा, छातीवरचा भाजल्याचा पट्टा पाहून तो उठून उभा राहिला.

"कुठं थांबली गाडी, सायेब? वहाळात? या टायमाला?"

शरदचंद्रांनी मान डोलावली. गोमानं दावं खाली ठेवलं.

"बायांचा उतार म्हनतात त्याला. आमी तिथं बैल पन उभा करत नाय. चालताचालता जायचं."

"कोण आहेत त्या?" कुमुदिनीनं विचारलं.

गोमानं वहाळाच्या दिशेनं हात केला. मग म्हणाला, "आमच्याच. खदानीवर जायच्या. खदानीचा टरक दुपारी घराकडं सोडायचा त्यांना. येक दिस तिथंच चाक फुटला. डायवर बोलला, बसून ऱ्हावा, आताच उचलतो, उतरायचं काय काम नाय. दमलेल्या हुत्या, बसून ऱ्हायल्या. जॅक सरकला. टरक आडवा झाला त्या वहाळात." त्यानं हाताचा तळवा पालथा केला. "आता कोनाची गाडी थांबली की बसतात. त्यांना घराकडं यायचं हाय ना. दुसरं काय नाय त्यांच्या मनात."

"मी त्यांना उतरा म्हटलं," कुमुदिनी म्हणाली. "उतरल्या."

गोमा तिच्याकडे बघतच राहिला. "आमच्यातल्या कोनी बोललं नाय कधी," तो म्हणाला. "भ्यालो. बोलायचं सुचलं नाय."

घरातून त्याची बायको राही पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुकलेली, उंच बाई. उजवा पाय ओढत चालत होती. गोमानं तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ही त्यातच हुती. ही वाचली. आमची पोर, पुतळी, हिच्या मांडीवर... ल्हान हुती. चालाय पन लागली नव्हती नीट. तिला उतरवाय कोन नव्हतं."

राहीनं तांब्या पुढे केला. शरदचंद्रांनी घेतला. मग ती कुमुदिनीकडे वळली आणि थांबली. तिच्या तोंडाकडे ती बघत नव्हती. कुमुदिनीच्या डाव्या कमरेकडे, पदराखाली दुमडलेल्या त्या हाताकडे बघत होती. तिचे ओठ किंचित उघडले. पाऊल पुढे पडलं.

"चला," कुमुदिनी घाईनं म्हणाली. "अहो, उठा. उशीर होतोय."

"पाणी तरी..."

"नको मला. गाडी काढा."

गोमानं लांबची वाट दाखवली. शरदचंद्रांनी जीप चालू केली. आरशात त्यांनी पाहिलं, राही अंगणाच्या कडेपर्यंत पाय ओढत आली होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. तिनं दोन्ही हात पुढे केले होते, तळवे वर करून, कोणी काही देईल म्हणून करतात तसे. धुळीत ती दिसेनाशी झाली तोवर तिचे हात तसेच होते.

त्या वेळी ब्रेक दाबायला हवा होता, असं शरदचंद्रांना नंतर अनेकदा वाटलं. पण त्यांच्या छातीची आग होत होती, वाट अनोळखी होती, आणि शेजारी बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहायचं धैर्य त्यांना होत नव्हतं. ती मांडीवरचं काहीतरी थोपटत होती. खड्डा आला की हात घट्ट धरत होती.

जमीन त्यांनी पावसाळ्याआधी विकून टाकली. जीपही गेली, सोनिवलीच्या एका माणसाला. तिला मागून कोणी चढल्याची तक्रार त्यानं कधी केली नाही. शरदचंद्रांनी स्वतःहून एक-दोनदा चौकशी केली. गाडी ठीक होती.

घरात मात्र हळूहळू काही गोष्टी बदलल्या. कुमुदिनी सगळी कामं एका हातानं करायला शिकली. कणीक एका हातानं मळायची, कपडे एका हातानं वाळत घालायची. बाजारातून येताना पिशवी नेहमी उजव्या हातात. उभी राहिली की डावीकडे कलायची, कंबर बाहेर काढून. दुपारी ती कॉटवर कडेला, भिंत सोडून झोपायची आणि भिंतीकडच्या बाजूला उशी लावायची. शरदचंद्र कामावरून आले की तोंडावर बोट ठेवायची. ते चपला हातात घेऊन आत यायचे. काय विचारावं, हे त्यांना समजायचं नाही. विचारलं तर ती सांगेल, याचीच त्यांना भीती वाटायची.

ती वाळत गेली. मनगटं काटकुळी झाली, डोळ्यांखाली काळं आलं. कंबर धरू लागली. शेवटी तिला ते जबरदस्तीनं डॉक्टरकडे घेऊन गेले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, स्टेशनजवळ. अंजनी नावाची नर्स वजन घ्यायची. कुमुदिनी काट्यावर उभी राहिली आणि अंजनीनं भुवया चढवल्या.

"वहिनी, अंगात काही नाही तुमच्या, आणि काटा बघा कुठे गेलाय! उतरा बरं. काका, तुम्ही या."

शरदचंद्र उभे राहिले. त्यांचं वजन बरोबर आलं.

"पुन्हा या, वहिनी."

काटा पुन्हा वर गेला. अंजनी काट्याखालचा स्क्रू बघायला वाकली. तेवढ्यात कुमुदिनीनं शरदचंद्रांकडे एकवार पाहिलं आणि गुडघ्यात थोडी लवून कमरेवरचं काहीतरी अलगद शेजारच्या फरशीवर ठेवल्यासारखं केलं. काटा सरकत खाली आला. आजारी, वाळलेल्या बाईचं वजन असावं तिथे येऊन थांबला.

"आता बरोबर दाखवतोय," अंजनी म्हणाली. "चिकटला असेल मघाशी."

डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, ओझं उचलू नका म्हणाले. त्या रात्री शरदचंद्रांना झोप लागली नाही. डोळे मिटले की राहीचे हात दिसायचे. वाडीवर जावं, कुमुदिनीला घेऊन जावं, असं त्यांनी कितीदा ठरवलं. सकाळ झाली की ते डबा घेऊन कामावर निघत. एकदा धीर करून त्यांनी नुसतं "राही..." एवढंच म्हटलं. कुमुदिनी भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला आणि त्यांच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "राहीला ओळखू तरी येईल का ही आता?" आणि नळ पुन्हा सोडला.

वर्ष गेलं, आणखी एक गेलं. मग कधीतरी शरदचंद्रांच्या लक्षात आलं की कुमुदिनी सरळ उभी राहते आहे. कंबर दुखत नाही म्हणते. दोन्ही हातांनी कणीक मळते. चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांच्या मनावरचा दगड हलला. त्यांनी देवापुढे नारळ ठेवला. औषधाची चिठ्ठी बदलून घ्यायची म्हणून दोघं पुन्हा त्या दवाखान्यात गेली. अंजनीनं तिला काट्यावर उभं केलं. काटा जिथे यायला हवा होता तिथेच आला आणि तिथेच राहिला. शरदचंद्रांनी तो दोनदा वाकून पाहिला.

"छान झालं हो वहिनी," अंजनी म्हणाली.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी आल्यावर शरदचंद्रांना राहवलं नाही. इतक्या काळानं त्यांना हसू आलं होतं.

"सोडलंस ना तिला?" ते हळूच म्हणाले. "बरं केलंस, कुमुद. फार बरं केलंस."

"कडेवर नाही घेववत आता," कुमुदिनी म्हणाली. "वाढतं अंग आहे."

तिचा डावा हात खाली सोडलेला होता. बोटं सैल मिटलेली होती, त्यांच्या मध्ये कोणाची तरी बोटं असावीत तशी. ती जिना उतरू लागली. एक पायरी उतरली की थांबत होती, खाली बघत होती, आणि शेजारचे दोन्ही पाय त्या पायरीवर आले की मगच पुढच्या पायरीवर पाऊल टाकत होती.